वैयक्तिक सेवा आणि लहान किराणा दुकानांची स्पर्धाशक्ती : कोपर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

१९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर किरकोळ व्यापाराचे स्वरूप झपाट्याने बदलले. २००२ मध्ये पवई येथे डी-मार्टचे पहिले दालन सुरू झाले. २०१२ मध्ये केंद्र शासनाने बहुब्रँड किरकोळ व्यापारात ५१ टक्क्यांपर्यंत थेट परकीय गुंतवणुकीस परवानगी दिली, तेव्हा वाण्याचे दुकान इतिहासजमा होणार, अशी भीती व्यक्त झाली. प्रत्यक्षात सुभिक्षाची दालने २००९ मध्ये आणि बिग बझारची २०२२ मध्ये बंद पडली. वाण्याचे दुकान मात्र अजून उभे आहे. ते कशाच्या बळावर, आणि त्या बळाची किंमत कोण मोजतो, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

परिसराची पार्श्वभूमी :

दिवा आणि डोंबिवली यांच्या दरम्यान असलेले कोपर हे कल्याण-डोंबिवली महानगरपालिका क्षेत्रातील स्थानक होय. खालून मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग, तर वरून दिवा-वसई मार्ग जातो. येथील नोकरदार रात्री उशिरा गाडीतून उतरतो आणि पायी घरी जाताना वाटेवरच्या दुकानातून पाव किलो रवा किंवा अर्धा डझन अंडी घेतो. महिन्याची मोठी खरेदी रविवारी दालनात होते. रोजची, थोडीथोडी आणि अडीअडचणीची खरेदी वाण्याकडे होते. डोंबिवलीचा कोपर पूल २०१९ ते २०२१ या काळात बंद असताना पूर्व-पश्चिम जाणे-येणे कठीण झाले होते. अशा वेळी चालत जाण्याजोग्या दुकानाचे मोल अधिक जाणवते.

किमतीतील तफावतीचे कारण :

मोठे दालन उत्पादकाकडून एकगठ्ठा माल घेते, पैसे लवकर चुकते करते आणि त्या बदल्यात सवलत मिळवते. लहान दुकानदार वितरकामार्फत माल घेतो. वेष्टनावर कमाल किरकोळ किंमत छापलेली असल्याने ग्राहकाला तुलना करणे सोपे जाते आणि वाणी महाग ठरतो. सुट्या धान्याची गोष्ट वेगळी आहे. तेथे छापील किंमत नसते; 'हा तांदूळ नवा आहे, पाणी कमी घाला' असे सांगणाऱ्यावरचा विश्वास निर्णायक ठरतो. म्हणून वेष्टनबंद मालात वैयक्तिक सेवा दुबळी पडते, तर सुट्या मालात ती प्रभावी ठरते.

उधारीचे अर्थशास्त्र :

वैयक्तिक सेवा म्हणजे केवळ गोड बोलणे नव्हे. तिचा गाभा उधारी हा आहे. समजा, ५० कुटुंबे दरमहा प्रत्येकी ४,००० रुपयांचा माल वहीवर नेतात व महिनाअखेर पैसे देतात. खरेदी महिनाभर सारखी होत असल्यास दुकानदाराचे सरासरी १ लाख रुपये अडकून राहतात. दरमहा दीड टक्का व्याज धरले तर हा भार १,५०० रुपये होतो, म्हणजे २ लाखांच्या विक्रीवर पाऊण टक्का. हा भार सोसण्याजोगा आहे. परंतु दोनच कुटुंबांनी पैसे बुडवले तर ८,००० रुपये जातात, म्हणजे पाच महिन्यांच्या व्याजाहूनही अधिक. खरा धोका व्याजाचा नसून बुडीताचा आहे. कोणाचा पगार कधी होतो, कोणाच्या घरी आजारपण आहे, हे दुकानदाराला ठाऊक असते. त्याची ओळख हेच त्याचे पतमूल्यांकन असते.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ ग्रेगरी स्टोन यांनी १९५४ मध्ये शिकागो येथील ग्राहकांचे चार प्रकार मांडले. त्यांपैकी एक प्रकार दुकानदाराशी असलेल्या ओळखीला महत्त्व देणारा, तर दुसरा लहान दुकानदाराला आधार देणे हे कर्तव्य मानणारा होता. कोपरमध्ये या दोन्ही प्रवृत्तींना उधारीची गरज येऊन मिळते.

मर्यादा :

ओळख ही दुधारी असते. अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा नवा भाडेकरू अनोळखी असतो. त्याला वही मिळत नाही. दालनात मात्र सर्वांना एकच दर लागू होतो आणि कोणी चौकशी करत नाही. कोणती औषधे नेली, उधारी किती थकली, हे शेजाऱ्यांसमोर उघड न होण्यातही प्रतिष्ठा असते. दुसरे असे, की घरपोच सेवा हे वाण्याचे जुने वैशिष्ट्य आता काही मिनिटांत माल पोहोचवणाऱ्या ॲपनी हिरावून घेतले आहे. तिसरी बाब दुकानदाराच्या घरातली आहे. पहाटेपासून रात्रीपर्यंत गल्ल्यावर बसणाऱ्या कुटुंबीयांच्या श्रमाचे वेतन हिशेबात धरले जात नाही. ते धरले, तर नफा म्हणून दिसणारी रक्कम पुष्कळदा मजुरीच ठरेल. शिकलेली मुले गल्ल्यावर बसण्यास नकार देतात, याचे एक कारण हेही आहे.

निष्कर्ष :

किमतीच्या स्पर्धेत लहान दुकान जिंकू शकत नाही. सुटा माल, थोडक्या मापाची विक्री आणि पारखून दिलेली उधारी या तीन क्षेत्रांत ते टिकू शकते. त्यासाठी उधारीला मर्यादा घालणे, नव्या रहिवाशांना हळूहळू वहीत सामावून घेणे, ग्राहकाच्या खात्याची गुप्तता राखणे आणि घरच्या श्रमाचा हिशेब ठेवणे आवश्यक आहे. वाणिज्य शाखेच्या वर्गात आपण ग्राहक-संबंध व्यवस्थापन शिकवतो. त्याच वर्गात बसलेल्या एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी ती वही रोज लिहिली जात असते. तिचा अभ्यास अभ्यासक्रमात आणल्यास त्या विद्यार्थ्याला आपल्या घरच्या व्यवसायाकडे कमीपणाने नव्हे, तर जाणतेपणाने पाहता येईल. पुढे तो दुकान चालवो वा सोडो, त्याचा निर्णय हिशेबावर आधारलेला असेल.