लिंकमधला & आणि आईची हुकलेली ऑर्डर

आजचा विषय ऐकायला जरा बोअर वाटेल. वेब लिंकमध्ये प्रश्नचिन्हाच्या पुढे जे लांबलचक शेपूट असतं ना, त्यातले तुकडे कोणत्या चिन्हाने वेगळे करायचे? पण याच शेपटाने माझ्या आईचं एक गिऱ्हाईक घालवलं, म्हणून ऐका.

आई घरी मसाले करून विकते. मी तिला व्हॉट्सअ‍ॅपची लिंक बनवून दिली. टॅप केलं की मेसेज तयारच: "हळद & गोडा मसाला हवा आहे". पण लोकांकडून यायचं नुसतं "हळद". एका काकूंना आईने हळदच पाठवली. त्यांनी परत काही मागवलंच नाही. घरात बीटेक मुलगा असून ही गत!

झालं असं की, त्या शेपटात "नाव=व्हॅल्यू" अशा जोड्या असतात आणि दोन जोड्यांच्या मध्ये & असतो. माझ्या मेसेजमधला & दिसला आणि समोरच्या प्रोग्रामला वाटलं, जोडी संपली. पुढचा गोडा मसाला त्याच्या लेखी वेगळाच पॅरामीटर, तोही अनोळखी. दिला सोडून. मजकुरातला & लिंकमध्ये टक्क्याचं चिन्ह आणि २६ असा जायला हवा. जावास्क्रिप्टमध्ये त्यासाठी 'एन्कोड-यूआरआय-कंपोनंट' आहे. मी नुसतं 'एन्कोड-यूआरआय' वापरलं, ते & ला हात लावत नाही. चूक व्हॉट्सअ‍ॅपची नव्हे, माझीच.

मग दुसरं चिन्ह का नाही घेत? प्रयत्न झालाय. एचटीएमएलमध्ये & ने खास चिन्हांचे कोड सुरू होतात, म्हणून लिंक पानावर लिहिताना घोळ व्हायचा. १९९९ च्या एचटीएमएल ४.०१ मध्ये सर्व्हर बनवणाऱ्यांना शिफारस होती: & सोबत अर्धविरामही, म्हणजे ; चालू द्या.

कल्पना चांगली, पण काहींनी मानली, काहींनी नाही. आणि धोका तिथेच. समजा मधला कॅशे ; ला साधं अक्षर मानतो आणि मागचा पायथन सर्व्हर त्याला विभाजक मानतो. कॅशे जाहिरातीचा पॅरामीटर बघतच नाही. हल्लेखोर त्याच्यातच ; टाकून एक जादा पॅरामीटर लपवतो. सर्व्हर तो वाचून भलतंच पान देतो, आणि कॅशे तेच पान नेहमीच्या लिंकखाली साठवून सगळ्यांना वाटत बसतो! २०२१ मध्ये पायथनने म्हणूनच डीफॉल्ट फक्त & ठेवला. त्याच वर्षी गो १.१७ नेही ; नाकारला.

तेव्हा जोड्यांच्या मध्ये & च ठेवा. एकाच पॅरामीटरमध्ये यादी द्यायची असेल तर स्वल्पविराम वापरा, फक्त सर्व्हरवाल्याशी आधी बोलून घ्या.

आईची लिंक आता नीट चालते. काकूंकडे गोडा मसाल्याचं पाकीट घेऊन रविवारी मलाच जायचंय.