कामावरची माणसे आणि त्यांची विचार करण्याची तऱ्हा

दुकान असो की कारखाना, कामावर दोन तऱ्हेची माणसे भेटतात. एक जण घालून दिलेल्या पद्धतीतच काम अधिक काटेकोर करतो. दुसऱ्याला ती पद्धतच खटकते. हे असेच का, म्हणून तो विचारत राहतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ मायकेल कर्टन यांनी ही तऱ्हा मोजण्यासाठी १९७६ साली एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. हे हुशारीचे माप नव्हे, असे त्यांनी बजावले आहे. दोघेही सारखेच हुशार असू शकतात, किंवा सारखेच ठोंबे! मात्र भोवतीचे सगळे दुसऱ्या तऱ्हेचे असले, की माणसाला मन मारून काम करावे लागते. ते फार दिवस जमत नाही. मग आपण म्हणतो, पोरगा टिकला नाही.

आपल्याच भागातील दाखला पाहा. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातील माळरानावर नांगरांचा कारखाना काढला. औंध गाव आज सातारा जिल्ह्यात आहे, किर्लोस्करवाडी सांगलीत. जमवलेली माणसे एका साच्यातली नव्हती. रामूअण्णा किर्लोस्कर वसाहतीची आखणी व कारभार पाहत. मंगेशराव रेगे हिशोबाचे. के. के. कुलकर्णी विक्रीपासून कोर्टकचेरीपर्यंत सारे सांभाळत. अनंतराव फळणीकरांची शाळा अर्धवट सुटलेली, पण यंत्राच्या कामात डोके कल्पक. शिक्षा भोगून आलेल्यांनाही तिथे रखवालीवर ठेवले होते. आणि माल कसा? लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज. सगळेच रेगे असते तर असल्या मालात कोणी पैसा घातला नसता. सगळेच फळणीकर असते तर हिशोब कोणी ठेवला असता?

आपल्या धंद्यातही तेच. विट्याच्या यंत्रमागावर ताग्यामागून तागा एकसारखा निघायला हवा, तिथे पहिल्या तऱ्हेचा जॉबरच पाहिजे. कापड दुकानात उधारीची वही त्याच्याकडे द्यावी. नवी डिझाईन निवडायला मालकाबरोबर दुसरा न्यावा. त्याला वहीवर बसवले तर वही बिघडते आणि माणूसही जातो.

बहुतेक दुकानांत दोघांशीही पटणारा एखादा तिसरा असतो. त्याला आपण भांडण झाल्यावर बोलावतो. खरे तर सणाचा माल ठरवतानाच त्याला दोघांच्या मध्ये बसवावे.