बिनमालकीच्या औषधांसाठी धावताना

१९७७च्या मार्चमध्ये कॅनडातल्या टेरी फॉक्स या अठरा वर्षांच्या मुलाचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. त्याला ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कर्करोग झाला होता. वाचण्याची शक्यता पन्नास टक्के आहे, असं त्याला सांगण्यात आलं. आणि हेही, की दोनच वर्षांपूर्वी हा आकडा पंधरा टक्के होता. मधल्या काळात केमोथेरपी सुधारली, म्हणून पंधराचे पन्नास झाले होते. आपण जगण्याची आशा धरतो आहोत ती अनोळखी संशोधकांनी करून ठेवलेल्या कामाच्या जोरावर, आणि ते काम पैशावाचून होत नाही, ही गोष्ट त्याच्या मनात पक्की बसली. टेरीच्या जिद्दीचं कौतुक भरपूर होतं आणि ते रास्तच आहे. पण त्याने मांडलेल्या या हिशेबाकडे दुर्लक्ष होतं. कर्करोग संशोधनासाठी लांब पल्ल्याची शर्यत धावायची, तर तो पैसा नेमक्या कोणत्या संशोधनाला जावा, हा विचार तिथूनच सुरू करायला हवा.

टेरीने १९७९च्या सुरुवातीला सराव सुरू केला तेव्हा त्याचा कृत्रिम पाय चालण्यापुरता होता, धावण्यासाठी बनवलेला नव्हता. एकदा टेकलेला तो पाय पुन्हा पुढे यायला वेळ लागे. तेवढ्या वेळात टेरी डाव्या पायावर एक जादा उडी घेई. जुन्या चित्रफितींत दिसणारी त्याची ती ओळखीची लय, डाव्या पायाच्या दोन उड्या आणि उजव्याचं एक पाऊल, अशी तयार झाली. सव्वा वर्षात सुमारे पाच हजार किलोमीटरचा सराव करून १२ एप्रिल १९८० रोजी तो सेंट जॉन्सहून निघाला. रोज जवळपास एक पूर्ण मॅरेथॉन, असे १४३ दिवस, ५,३७३ किलोमीटर. १ सप्टेंबरला थंडर बे शहराजवळ त्याला थांबावं लागलं. कर्करोग फुप्फुसांत पोचला होता. पुढच्या जूनमध्ये तो गेला. पण त्याआधीच, १९८१च्या फेब्रुवारीत, जमलेली रक्कम २ कोटी ४१ लाख डॉलरच्या पुढे गेली होती. दर कॅनेडियन माणसामागे एक डॉलर, एवढीच त्याची मागणी होती आणि ती पुरी झाली.

पण अशा लोकवर्गणीची गरजच काय, असं वाटू शकतं. औषध कंपन्या कर्करोगावर अफाट खर्च करतात आणि त्यातून आलेल्या औषधांनी असंख्य जीव वाचवले आहेत. मात्र कंपनी पैसा घालते तो ज्यावर पेटंट मिळेल अशा रेणूवर. पेटंट संपलेलं स्वस्त औषध एखाद्या नव्या कामाला उपयोगी पडतं का, महागड्या औषधाची मात्रा कमी केली तर चालतं का, नुसत्या व्यायामाने आजार परतण्याचं प्रमाण घटतं का, हे प्रश्न तिच्या ताळेबंदात बसत नाहीत. त्यांची उत्तरं मिळाली तरी विकायला हाती काही लागत नाही. असे प्रश्न सरकारी अनुदानाच्या आणि लोकांच्या देणग्यांच्या वाट्याला येतात, नाहीतर तसेच पडून राहतात. माझं म्हणणं असं, की लोकांनी घाम गाळून जमवलेल्या पैशावर पहिला हक्क या प्रश्नांचा आहे.

याचं उदाहरण शोधायला कॅनडाला जायची गरज नाही. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या पुढाकाराने देशातल्या अकरा केंद्रांवर स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे १,६०० रुग्ण स्त्रियांवर एक चाचणी झाली. शस्त्रक्रियेत गाठ हाताळली जाते तेव्हा काही पेशी निसटून शरीरात इतरत्र जाऊ शकतात, अशी शंका जुनी आहे. दाताच्या डॉक्टरांकडे बधिर करायला वापरतात ते लिग्नोकेन पेशींच्या आवरणातले सोडियमचे मार्ग अडवतं, आणि पेशींच्या हालचालीत या मार्गांचा हात असतो. मग चाचणीतल्या निम्म्या स्त्रियांना गाठ काढण्याआधी सात ते दहा मिनिटं गाठीभोवती लिग्नोकेन टोचलं गेलं. बाकी उपचार दोन्ही गटांना सारखेच. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांनंतर इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ९०.१ टक्के स्त्रिया हयात होत्या, न घेतलेल्यांपैकी ८६.४ टक्के. शंभरामागे जवळपास चार जीव, आणि औषध म्हणजे कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळणारी कुपी. एका चाचणीवर सगळं ठरत नाही, ती इतर देशांतही व्हायला हवी, हा आक्षेप योग्य आहे. पण ती पुन्हा करायलाही कोणती कंपनी पुढे येणार? तो खर्चही लोकांनाच उचलावा लागेल.

दुसरं उदाहरण तर धावण्याच्या अगदी जवळचं आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी संपलेल्या ८८९ रुग्णांना २००९पासून कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि इतर काही देशांतल्या ५५ केंद्रांवर दोन गटांत विभागलं गेलं. एका गटाला आहार-व्यायामाची माहितीपुस्तिका मिळाली, दुसऱ्याला तीन वर्षं प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली व्यायाम. २०२५ साली निष्कर्ष आले. पाच वर्षांनंतर कर्करोग न परतता जगणाऱ्यांचं प्रमाण व्यायामाच्या गटात ८०.३ टक्के, पुस्तिकेच्या गटात ७३.९, आठ वर्षांनंतर हयात असलेल्यांचं अनुक्रमे ९०.३ आणि ८३.२. एखाद्या नव्या औषधाने एवढा फरक दाखवला असता तर त्याची किंमत लाखांत लागली असती. या चाचणीला पैसा देणाऱ्यांत कॅनेडियन कॅन्सर सोसायटी होती. टेरीने आपल्या धावेसाठी पत्र लिहून मदत मागितली होती ती हीच संस्था.

व्यायामाने हे कसं होतं, याचं पक्कं उत्तर अजून हाती नाही. कोपनहेगनच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं, की चाकावर धावणाऱ्या उंदरांत ॲड्रिनलिन वाढून रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या ‘नॅचरल किलर’ पेशी रक्तात उतरतात, गाठीपर्यंत पोचतात आणि गाठींची वाढ निम्म्याहून कमी होते. उंदरांवरून माणसांबद्दल थेट बोलता येत नाही. शिवाय चाचणीतल्या रुग्णांना मॅरेथॉन धावायला कुणी सांगितलं नव्हतं. आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण तास झपझप चालण्याएवढी भर त्यांच्या रोजच्या हालचालीत पडली, की उद्दिष्ट गाठलं. तेवढ्यानेही सांधे-स्नायूंच्या तक्रारी त्यांच्यात जास्त आढळल्या. धावणाऱ्याला कर्करोग होत नाही, असं तर मुळीच समजू नये.

पण मग धावायचंच कशाला, सरळ धनादेश द्यावा, असं कुणी म्हणेल. तर्काला धरून आहे, मात्र माणसं तशी वागत नाहीत. ख्रिस्तोफर ओलिव्होला आणि एल्डार शफीर यांनी २०१३ साली मांडलेल्या प्रयोगांत देणगी सहलीच्या निमित्ताने मागितली त्यापेक्षा कष्टाच्या धावेच्या निमित्ताने मागितली तेव्हा लोक जास्त द्यायला तयार झाले. कष्ट झाले, की कामाला अर्थ आल्यासारखं वाटतं, असं त्यांचं स्पष्टीकरण आहे. माझ्या मते त्यात सरावाचा कालावधीही धरायला हवा. मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर एका महिन्यात अंगात येत नाहीत. सेंट लुईसच्या जॉन हॉलोझी यांनी १९६७ साली उंदरांना काही आठवडे पट्ट्यावर धावायला लावून दाखवलं, की स्नायूंतल्या मायटोकॉन्ड्रियांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता दुपटीच्या आसपास जाते. हृदय आणि स्नायू असे लवकर तयार होतात. हाडं आणि स्नायुबंध मागे राहतात, म्हणून अंतर सावकाश वाढवावं लागतं आणि बहुतेक सराव बोलता बोलता धावता येईल इतका संथ ठेवावा लागतो. चार-पाच महिने रोज पहाटे हे करणारा माणूस नातेवाईक, कचेरीतले सहकारी, सोसायटीतले शेजारी अशा सगळ्यांना दिसत असतो. त्याने पैसे मागितले, की त्याला नाही म्हणणं अवघड जातं.

धावताना जिवाला धोका असतो, हा आक्षेप मोजून पाहता येतो. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख जणांपैकी ५९ जणांचं हृदय धावताना किंवा धावून झाल्यावर लगेच बंद पडलं. म्हणजे साधारण १ लाख ८४ हजारांत एक. धोका कमी आहे, शून्य नाही. चाळिशीनंतर नव्याने सुरुवात करणाऱ्याने तपासणी टाळू नये.

सगळ्यात वजनदार आक्षेप वेगळाच आहे. परळला रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर ताडपत्रीखाली राहून केमोथेरपीच्या पुढच्या तारखेची वाट पाहणारी कुटुंबं असतात. त्यांच्या औषधाला पैसे नसताना संशोधनाच्या गप्पा कशाला? या प्रश्नाने मनाला टोचणी लागते आणि लागायलाच हवी. त्यांना मदत मिळालीच पाहिजे, आणि रुग्णसाहाय्यासाठी जो धावतो त्याला मी अडवणार नाही. पण आजच्या मदतीने एका घराचा एक उपचार पार पडतो. औषधाची कमी मात्रा पुरते हे एकदा सिद्ध झालं, तर पुढे येणाऱ्या प्रत्येक घराचा खर्च उतरतो. टाटा मेमोरियलच्याच डॉक्टरांनी डोके व मानेच्या प्रगत कर्करोगात निव्होलुमॅब हे महागडं औषध नेहमीच्या मानाने फार कमी मात्रेत देऊन पाहिलं आणि तेवढ्यानेही रुग्णांचं आयुष्य वाढल्याचं दाखवलं. असल्या संशोधनाची सर्वाधिक गरज पदपथावरच्या त्या कुटुंबांनाच आहे.

मात्र ‘कर्करोगासाठी धावा’ एवढ्या पाटीवर भागत नाही. टेरीच्या नावाने १९८१पासून होणाऱ्या धावेत शर्यत नसते, बक्षीस नसतं, प्रायोजकांच्या जाहिराती नसतात. पैसा संशोधनाला जातो, हे आधीच ठरलेलं असतं. इतर ठिकाणी ते विचारून घ्यावं लागतं. पैसा रुग्णसाहाय्याला जाणार, जनजागृतीला की संशोधनाला. संशोधनाला असेल तर कोणत्या चाचणीला. आयोजनावर किती खर्च होणार. आणि निष्कर्ष मनासारखा आला नाही तरी तो प्रसिद्ध होणार का. जानेवारीत होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनची तयारी पावसाळ्यातच सुरू होते. पहिल्या देणगीदाराकडे जाण्याआधी या प्रश्नांची लेखी उत्तरं मिळवायला तेवढा अवधी पुरेसा आहे.