कुत्रा घरचा की वाड्यावरचा?

गोव्यातील बहुतेक वाड्यांवर असा एखादा कुत्रा असतोच, ज्याचा मालक सर्वांना ठाऊक असतो. मात्र स्वतः मालकाला ती ओळख मान्य नसते. सकाळी तो एका घराच्या सोप्यावर पडलेला दिसतो, दुपारी शेजारच्या घरी त्याला नुस्त्याचे काटे मिळतात आणि रात्री तो तिठ्यावर दुचाकीस्वारांच्या मागे धावतो. तो कोणाला चावला, की ‘तो आमचा नव्हे, इथे नुसता येतो’ असे उत्तर येते. मग तक्रार पंचायतीत जाते, पंचायत पशुसंवर्धन खात्याकडे बोट दाखवते आणि खाते पुन्हा पंचायतीकडे.

कायद्याच्या दृष्टीने मात्र कुत्रे दोनच प्रकारचे आहेत. केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये अधिसूचित केलेल्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार पाळीव प्राण्याचे लसीकरण, जंतनिर्मूलन आणि निर्बीजीकरण ही मालकाची जबाबदारी आहे. रस्त्यावरील कुत्र्यांचे लसीकरण व निर्बीजीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थेची, म्हणजे पंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेची जबाबदारी आहे. हे काम त्यांनी मान्यताप्राप्त प्राणी कल्याण संस्थेमार्फत करून घ्यायचे असते. शस्त्रक्रियेनंतर कुत्र्याला ज्या जागेवरून उचलले तिथेच परत सोडावे लागते. कानाला खाच असलेला कुत्रा दिसला, तर त्याचे निर्बीजीकरण झाले आहे असे समजावे. ‘गाडी आली, कुत्री नेली आणि परत आणून सोडली’ ही तक्रार ग्रामसभांत नेहमीची असली, तरी यात पंचायत नियमच पाळत असते.

सोप्यावरचा कुत्रा या दोन्ही रकान्यांत नीट बसत नाही आणि व्यवस्था अडते ती इथेच. राज्यात १९१ ग्रामपंचायती आहेत. बहुसंख्य पंचायतींकडे सचिव आणि मोजके कर्मचारी असतात. पशुवैद्य, कुत्री पकडणारे पथक, वाहन किंवा निवारा यांपैकी काहीही नसते. पंचायतीच्या हाती त्यातल्या त्यात स्वस्त साधन आहे ते नोंदवहीचे. कुत्र्याच्या नावापुढे मालकाचे नाव आणि लसीची तारीख लिहिलेली असली, तर नोटीस कोणाला बजावायची हा प्रश्न उरत नाही. ती नसेल, तर ओळखीचा कुत्राही भटका ठरतो आणि त्याचा खर्च गावावर पडतो. शिवाय कुत्र्यांना पंचायतीची हद्द कळत नाही. एका गावाने निर्बीजीकरण केले आणि शेजारच्या गावाने केले नाही, तर पहिल्या गावाचा खर्च दोन-तीन वर्षांत वाया गेल्यासारखा होतो.

रेबीजच्या बाबतीत गोव्याने हद्दींचा हा अडसर ओलांडून दाखवला. राज्य सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था यांच्या संयुक्त मोहिमेत पथके घरोघरी फिरली. हाती न लागणाऱ्या कुत्र्यांना जाळ्यांनी पकडून लस टोचण्यात आली आणि प्रत्येक लसीची नोंद ठिकाणासह मोबाइलवर झाली. रेबीजची साखळी तुटण्यासाठी साधारण ७० टक्के कुत्र्यांना लस मिळावी लागते. जून २०२१ मध्ये मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी, सलग तीन वर्षांत राज्यात रेबीजने एकही माणूस दगावला नसल्याचे सांगितले. हे यश टिकाऊ मात्र नाही. दरवर्षी नवी पिल्ले येतात, जुनी कुत्री मरतात, परराज्यांतून नवी येतात. एखादे वर्ष मोहीम ढिली पडली, की ७० टक्क्यांचा आकडा घसरू लागतो. त्यामुळे घरच्या कुत्र्याची चुकलेली लस ही केवळ त्या घराची बाब राहत नाही.

मांजरांचा विचार या सगळ्यात जवळजवळ कोणी करत नाही. रेबीज मांजराच्या चाव्यातूनही होतो, पण मोहिमा आणि नियम यांचा रोख मुख्यतः कुत्र्यांवर असतो. मासळी बाजाराभोवती मांजरे वाढतच राहतात आणि नको असलेली पिल्ले पोत्यात घालून दूर सोडण्याची रीत अजून सुटलेली नाही. प्राण्याला उपाशी मरण्यासाठी टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र दहा ते पन्नास रुपये, म्हणजे आज चहा-भज्यांच्या किमतीइतका.

आक्रमक जातींचा विषय वेगळा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये हणजूण येथे पिटबुलच्या हल्ल्यात सात वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. त्यानंतर २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात विधानसभेने प्राण्यांची पैदास व पालन यांचे नियमन आणि नुकसानभरपाई यांविषयीचे विधेयक संमत केले. हिंस्र जातींवर बंदी आणि मालकावर भरपाईचे दायित्व हा त्याचा गाभा. त्याहीपूर्वीपासून, प्राण्यापासून इतरांना धोका होणार नाही याची काळजी न घेणाऱ्या मालकाला शिक्षेची तरतूद आहेच. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र त्यासाठी तो प्राणी कोणाच्या ताब्यात होता, हे सिद्ध करावे लागते.

चावा बसल्यावर तर हा प्रश्न तासांचा होतो. जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, आरोग्य केंद्र गाठावे आणि डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे लस सुरू करावी. कुत्र्याचा शोध लागेपर्यंत थांबू नये. त्यानंतर कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची असते. या काळात तो धडधाकट राहिला, तर चाव्यावेळी त्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू नव्हता असे मानले जाते आणि पुढील उपचारांचा निर्णय डॉक्टरांना घेता येतो. साखळीला बांधलेल्या, नोंद असलेल्या कुत्र्याबाबत हे सहज जमते. ‘इथे नुसता येतो’ म्हटलेला कुत्रा दुसऱ्या दिवशी सोप्यावर दिसेलच असे नाही.