वसुलीच्या वहीतलं गाव

महाराष्ट्रात सुमारे 28 हजार ग्रामपंचायती आहेत. एखाद्या पंचायतीने वर्षभरात काय काम केलं असं विचारलं, की लोक सभामंडप, पेव्हर ब्लॉक आणि वेशीवरची कमान दाखवतात. यातलं बरंचसं वरून आलेल्या निधीचं असतं आणि कोनशिलेवर आमदारांचं नाव सरपंचांच्या वर असतं. पंचायतीचं स्वतःचं वर्ष पाहायचं तर कपाटातला नमुना 9, म्हणजे कर मागणीची नोंदवही काढावी. घरपट्टी, दिवाबत्ती, पाणीपट्टी यांची मागणी किती, वसूल किती, थकीत किती, एवढंच त्यात असतं. पण गावाला पाणी कसं मिळालं असेल याचा अंदाज त्या तीन आकड्यांवरून बांधता येतो.

कारण पाणी ही रोजची बाब आहे. जलजीवन मिशनने माणशी दररोज 55 लिटरचं उद्दिष्ट ठेवलं, पाइप आणि टाकीला केंद्र-राज्याने पैसे दिले. योजना चालवणं मात्र गावाच्या गळ्यात आहे. मोटार जळली तर रिवाइंडिंग, महिन्याचं वीजबिल, गळका व्हॉल्व्ह, पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचा पगार आणि क्लोरिनची टीसीएल पावडर. ही पावडर टाकीत पडते की नुसती रजिस्टरात, ते ओटी टेस्टमध्ये कळतं. गावाच्या टोकाच्या नळाचं पाणी काचनळीत धरून त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पिवळा रंग चढला तर क्लोरिन तिथवर पोचलं. पाणी तसंच राहिलं तर टाकीपाशी जाऊन विचारावं लागतं. आरोग्य विभाग पावसाळ्याआधी आणि नंतर पाहणी करून पंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतो. कमानीला असं कार्ड मिळत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो की वित्त आयोगाचा पैसा असताना गावकऱ्यांच्या मागे कशाला लागायचं? तो पैसा गावाचा हक्कच आहे, पण त्याला दावणी आहेत. पंधराव्या आयोगाच्या 2021-22 पासूनच्या अनुदानातला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होता. उरलेला 40 टक्के अबंधित म्हणवला जायचा, पण त्यातूनही पगार आणि आस्थापनेचा खर्च करता येत नव्हता. कर्मचाऱ्यांच्या किमान वेतनातला राज्याचा वाटाही वसुलीच्या टक्केवारीला जोडला गेला. वसुली खालावली की त्याचा फटका थकबाकीदाराआधी पाणीवाल्याला बसतो. कर्मचारी संघटनांची यावरची तक्रार मला रास्त वाटते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: गरिबाने भरायचं कुठून? कर मालमत्तेच्या मूल्यावर बसत असल्याने कुडाच्या घराची रक्कम किरकोळ असते. मोठी रक्कम दुमजली घरांची आणि रस्त्याकडेच्या गाळ्यांची. तरी वेळेचा प्रश्न खरा आहे. बीड जिल्ह्यातले किंवा पाथर्डी तालुक्यातले ऊसतोड मजूर दिवाळीच्या आगेमागे गाव सोडतात आणि हंगाम संपल्यावर परततात. वसुलीची धावपळ नेमकी फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, तेव्हा त्यांच्या दाराला कुलूप असतं. मग त्यांची नावं थकबाकीत जातात आणि ‘लोक भरत नाहीत’ असा निष्कर्ष निघतो. दाखला अडवून पट्टी वसूल करण्याची रीत तर सरळ चुकीची आहे. सेवा वेळेत देणं 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने बंधनकारक केलेलं आहे. थकबाकीसाठी जप्तीचं वॉरंट आहे, लोकअदालत आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्याने तिसरी वाट काढली: पूर्ण कर भरणाऱ्याला गिरणीत दळण फुकट. याला कोणी आमिष म्हणेल. मला तो चोख हिशोब वाटतो, कारण भरलेल्या पैशाचं पीठ डोळ्यांसमोर पडतं.

खरी गळती वसुलीच्याही आधी, आकारणीत होते. दर चार वर्षांनी फेरआकारणी करायची असते. पण स्लॅब टाकलेलं घर नमुना 8 वर, म्हणजे आकारणीच्या नोंदवहीत, मातीचंच राहतं, कारण ती नोंद दुरुस्त करणाऱ्याला पुढच्या निवडणुकीत त्याच घरात मतं मागायची असतात. सदस्याने मागणीनंतर तीन महिन्यांत कर भरला नाही तर तो अपात्र ठरू शकतो. म्हणून निवडणूक लागली की इच्छुक थकबाकी घेऊन कार्यालयात हजर होतात. तेवढी लगबग एरवी दिसत नाही.

कर भरला की माणूस जाब विचारू लागतो, असं मी म्हणणार नाही. ग्रामसभेची गणपूर्ती 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यातली जी कमी ती, आणि एवढेही जमत नाहीत. सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मात्र त्याआधी होणाऱ्या महिला सभेत नळाची वेळ, पाण्याचा वास, बंद पडलेला पथदिवा हे विषय निघतात. जमाखर्च आधी तिथे वाचला, तर थकबाकीदारांची यादी ग्रामसभेत नेहमीसारखी घाईघाईने उरकता येणार नाही.