स्टिक लहान, ताप मोठा: यूएसबी मायनरविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

पेनड्राइव्हपेक्षा जरा मोठी वस्तू. संगणकाला लावायची, वर छोटा पंखा सोडायचा, वेग थोडा चढवायचा आणि सकाळी उठून किती बिटकॉइन 'खणले' ते पाहायचं. हा बेत कॉलेजात जाणाऱ्या पोरांच्या गप्पांत अधूनमधून निघतो. मोठ्यांची पहिली प्रतिक्रिया 'हे बेकायदा असणार' आणि पोरांची 'बाबा, तुम्हाला काही कळत नाही' अशी असते. दोघेही थोडे चुकतात.

वाई हे विश्वकोशाचं गाव. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली इथे एकेक नोंद तपासून मगच छापायला जात असे. त्याच शिस्तीने या काडीएवढ्या यंत्राबद्दलचे समज एकेक करून तपासून पाहू.

गैरसमज १ : ही स्टिक अवघड गणितं सोडवून नाणी तयार करते.

वस्तुस्थिती : स्टिकमधली चिप एकच काम करते. ठरलेल्या माहितीला एक आकडा जोडायचा, त्यावर एसएचए-२५६ ही प्रक्रिया चालवायची आणि उत्तर ठरावीक मर्यादेपेक्षा लहान आलं का ते पाहायचं. नाही आलं, तर पुढचा आकडा. आलं, तर 'ब्लॉक' सापडला, म्हणजे बक्षीस लागलं. यात हुशारी काही नाही, नुसती सोडत आहे. महाराष्ट्रात सरकारी लॉटरी १९६९ पासून आहे, तेव्हा हा हिशेब आपल्याला नवा नाही: जितकी तिकिटं, तितकी शक्यता. स्टिक सेकंदाला अब्जावधी तिकिटं काढते, पण समोरचे लोक किती काढतात हेही पाहावं लागतं.

२०१३ मध्ये 'ब्लॉक इरप्टर' नावाची यूएसबी स्टिक बाजारात आली. तिचा वेग सेकंदाला सुमारे ३३.६ कोटी प्रयत्नांचा, म्हणजे ३३६ मेगाहॅशचा, आणि विजेची भूक अवघी अडीच वॅट. पुढे 'गेकोसायन्स'च्या 'कॉम्पॅक एफ'सारख्या स्टिक आल्या, त्या ३०० गिगाहॅशच्या आसपास जातात. जुन्या स्टिकच्या जवळजवळ ९०० पट. ऐकायला भारी वाटतं. पण २०२५ मध्ये जगभरच्या यंत्रांची मिळून ताकद एक हजार एक्झाहॅशच्या घरात पोहोचली. या सोडतीत ३०० गिगाहॅशच्या स्टिकला एकटीने ब्लॉक सापडायला सरासरी ६३ हजार वर्षं लागतील. ब्लॉक इरप्टरला पावणेसहा कोटी.

सरासरी म्हणजे नियम नव्हे, हे मान्य. यापेक्षा थोड्या मोठ्या, टेबलावर मावणाऱ्या यंत्रांना एकट्याने ब्लॉक सापडल्याच्या घटना घडल्या आहेत. लॉटरीही कुणाला तरी लागतेच.

गैरसमज २ : वेग चढवला की कमाई चढते.

वस्तुस्थिती : वेग चढवणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. चिपच्या ठोक्यांची गती वाढवायची. गती वाढली की चिपला जास्त व्होल्टेज लागतं, नाहीतर ती चुकीची उत्तरं देऊ लागते. 'सीजीमायनर' या आज्ञावलीत 'एचडब्ल्यू' म्हणून दिसणारा आकडा या चुकांचाच. म्हणून अनेक स्टिकवर व्होल्टेज वाढवायचा एक बारीक स्क्रू असतो, तो हळूच फिरवला जातो.

गोम इथेच आहे. चिप खाते ती वीज गतीच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणातही वाढते. गती २० टक्के वाढवली आणि त्यासाठी व्होल्टेज १० टक्के चढवलं, तर विजेचा खर्च १.२ गुणिले १.२१, म्हणजे जवळजवळ ४५ टक्क्यांनी वाढतो. मिळकत मात्र २० टक्क्यांनीच.

रुपयांत पाहू. स्टिक १२ वॅटची, सोबतचा छोटा रास्पबेरी पाय संगणक आणि पंखा मिळून ८ वॅट धरू. दिवसाला ०.४८ युनिट. दहा रुपये युनिट धरलं तर चार रुपये ऐंशी पैसे. कमाई? दिवसाला साधारण १४४ ब्लॉक आणि एप्रिल २०२४ पासून प्रत्येकी ३.१२५ बिटकॉइन, म्हणजे सगळ्या जगात वाटायचे ४५० बिटकॉइन. त्यातला आपला सरासरी वाटा, एका बिटकॉइनची किंमत ८० लाख रुपये धरली, तर दिवसाला एक रुपया आठ पैसे. रोजचा तोटा तीन रुपये बहात्तर पैसे. आता वेग २० टक्के चढवा: कमाई एक रुपया तीस पैसे, वीज सहा रुपये दहा पैसे, तोटा चार रुपये ऐंशी पैसे. वेगाने वाढवला तो तोटाच.

गुऱ्हाळावर काम केलेल्याला हे सांगावं लागत नाही. चुलाणात जास्त चिपाड कोंबलं म्हणून गूळ लवकर होत नाही, काहिलीचा तळ धरतो.

गैरसमज ३ : स्टिक थंड ठेवली की ती जास्त वेगाने चालते.

वस्तुस्थिती : वेग ठरवतो तो ठोका. तो तुम्ही आज्ञावलीतून नेमून दिलेला असतो. थंडाव्याने तो वाढत नाही, वाढवलेला टिकतो. चिप तापली की तिच्यातून फुकट गळणारी वीज वाढते आणि चुका वाढतात. थंड ठेवली की दोन्ही कमी होतात, एवढाच फायदा.

आणि थंडाव्याला एक तळ असतो: खोलीचं तापमान. पंखा स्टिकला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. समजा स्टिकवरची धातूची पट्टी, म्हणजे हीटसिंक, दर वॅटला ४ अंश तापते. १० वॅटवर ती आसपासच्या हवेपेक्षा ४० अंश वर राहणार. पसरणीचा घाट चढून पाचगणीला गेलात आणि डिसेंबरच्या रात्री हवा १५ अंश असली, तर पट्टी ५५ अंशांवर थांबेल. घाटाखाली वाईत, मेच्या दुपारी पारा ३८ वर असताना, तीच स्टिक, तोच पंखा आणि तीच गती असूनही ७८ अंश. म्हणून डिसेंबरात जमलेलं ओव्हरक्लॉकिंग एप्रिलमध्ये कोसळतं, आणि माणूस स्टिकला दोष देतो.

गैरसमज ४ : मग फ्रिजमध्ये ठेवावी.

वस्तुस्थिती : घरचा फ्रिज आत ठेवलेल्या भाजी-दुधातली उष्णता एकदा काढून घेतो आणि मग कॉम्प्रेसर विसावतो. स्टिक मात्र चोवीस तास नवी उष्णता देत राहते, म्हणजे कॉम्प्रेसरला विसावा कमी. दारातून काढलेल्या वायरीमुळे रबर नीट बसत नाही, त्या फटीतून बाहेरची दमट हवा आत येते. स्टिक चालू असताना ती गरम असल्याने कोरडी राहील. पण वीज गेली आणि ती गार पडली, किंवा श्रावणात फ्रिजबाहेर काढली, की गार पाण्याच्या तांब्यावर जमतं तसं दव तिच्या सर्किटवर जमतं. त्यावर पुन्हा वीज दिली की खेळ संपला.

गैरसमज ५ : पंखा जितका मोठा, तितकं काम भागलं.

वस्तुस्थिती : उष्णतेचा प्रवास तीन टप्प्यांचा असतो: चिपमधून पट्टीत, पट्टीतून हवेत, आणि ती गरम हवा खोलीबाहेर. पंखा फक्त दुसरा टप्पा सुधारतो.

पहिल्या टप्प्यात चिप आणि पट्टी यांच्यामधल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या फटींत हवा अडकते. अॅल्युमिनियम हवेपेक्षा हजारो पटींनी चांगलं उष्णतावाहक आहे, त्यामुळे ही सूक्ष्म हवासुद्धा घोंगडीसारखं काम करते. थर्मल पेस्ट त्या फटी भरण्यासाठी. तिचा थर पातळ हवा, भाकरीवर लोणी थापल्यासारखा जाड नको, कारण पेस्ट धातूइतकी चांगली वाहक नसते. जुनी स्टिक घेतली असेल तर वाळलेली पेस्ट पुसून नवी लावल्याने जो फरक पडतो, तो मोठ्या पंख्याने पडत नाही.

पंख्याची दिशाही महत्त्वाची. हवा पट्टीच्या पात्यांच्या मधून वाहिली पाहिजे. आडवी आदळली तर नुसता आवाज. एकाच यूएसबी हबमध्ये (अनेक जोडण्यांच्या डबीत) पाच स्टिक खेटून लावल्या तर मधली स्टिक शेजारणींच्या झळांत होरपळते, एक जागा मोकळी सोडली तरी तिला दम घेता येतो. तिसऱ्या टप्प्यासाठी खिडकी उघडी हवी. बंद कपाटात पंखा तीच गरम हवा फिरवत बसतो.

गैरसमज ६ : यूएसबी आहे, लॅपटॉपला लावली की झालं.

वस्तुस्थिती : नियमानुसार यूएसबी २.० चं भोक ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॅट देतं. यूएसबी ३.० चं ९०० मिलिअँपिअर, म्हणजे साडेचार वॅट. २०१३ ची ब्लॉक इरप्टर अडीच वॅटवर अगदी काठावर बसवलेली होती. आजची दहा-बारा वॅटची स्टिक तिथे लावली तर ती सारखी बंद-चालू होते किंवा लॅपटॉपचं भोक कायमचं जातं. तिला स्वतःचा अॅडॉप्टर असलेला, भरपूर अँपिअरचा हब लागतो.

घराच्या दृष्टीने खरी भीती चिपची नाही, वायरीची आहे. स्वस्त हबच्या अॅडॉप्टरवर लिहिलेले अँपिअर आणि प्रत्यक्ष मिळणारे अँपिअर यांत अंतर असतं, आणि ते अंतर गरम होऊन भरून निघतं. स्टिक गादीवर, पडद्याजवळ, कागदांच्या गठ्ठ्यावर ठेवू नये. अर्थिंग असलेला प्लग हवा. वेग चढवून पहिल्या रात्री तरी ती एकटी सोडून झोपू नये. बऱ्याच स्टिकवर तापमान मोजणारा सेन्सरच नसतो, त्यामुळे 'स्क्रीनवर काही दिसलं नाही' हा बचाव चालत नाही. हबचं प्लॅस्टिक हाताला चटका देत असेल, तर तेवढा पुरावा पुरे.

गैरसमज ७ : कोयना शेजारी, छपरावर सोलर, मग वीज फुकटच.

वस्तुस्थिती : कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट आणि त्याचं धरण आपल्याच जिल्ह्यात, हे खरं. पण ती वीज राज्याच्या जाळ्यात जाते, आणि वाईकराला बिल महावितरणच्या दरानेच येतं. घरगुती दर टप्प्यांचे आहेत: वापर १००, ३०० किंवा ५०० युनिटांच्या पुढे गेला की पुढच्या युनिटांचा दर वाढतो. स्टिकची युनिटं नेहमी शेवटच्या, म्हणजे सगळ्यात महाग टप्प्यात मोजायला हवीत, कारण ती नसती तर वाचली असती तीच युनिटं. सोलरचंही तसंच. जी वीज जाळ्यात देऊन बिलातून वजा झाली असती ती स्टिकने खाल्ली, तर तेवढे पैसे गेले. आणि रात्री सोलर झोपलेलं असतं.

'निदान थंडीत खोली तरी गरम होईल' हाही एक समज. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता देतो. त्या हिशेबाने एक पाहुणा आठ स्टिकच्या बरोबरीचा.

गैरसमज ८ : मायनिंग बेकायदा आहे, किंवा उलट, त्यावर कर नाही.

वस्तुस्थिती : दोन्ही चूक. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना आभासी चलनाच्या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं होतं. ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केलं. घरात स्टिक चालवणं गुन्हा नाही. मात्र १ एप्रिल २०२२ पासून बिटकॉइनसारख्या आभासी मालमत्तेच्या विक्रीवरील नफ्याला ३० टक्के कर आहे, शिवाय उपकर, आणि १ जुलै २०२२ पासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस. मायनिंगच्या यंत्रणेवर केलेला खर्च खरेदीची किंमत म्हणून वजा करता येणार नाही, हे केंद्र सरकारने मार्च २०२२ मध्ये लोकसभेत स्पष्ट केलं आहे. म्हणजे वर मांडलेल्या हिशेबात खरा तोटा असला, तरी विक्रीच्या वेळी वीजबिल दाखवून सुटका नाही.

गैरसमज ९ : घरी परवडत नाही, पण दुसरीकडे पैसे गुंतवले तर 'क्लाउड मायनिंग'मधून ठरलेला परतावा मिळतो.

वस्तुस्थिती : हा समज सगळ्यांत महाग पडला, आणि तो महाराष्ट्राला चांगला ठाऊक आहे. 'गेनबिटकॉइन' योजनेत बिटकॉइन द्या, आम्ही मायनिंग करू आणि १८ महिने दरमहा १० टक्के परतावा देऊ, असं सांगितलं गेलं. पुणे आणि नांदेडमध्ये गुन्हे दाखल झाले, २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी मुख्य आरोपी अमित भारद्वाजला अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. पुढे तपास सीबीआयकडे गेला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने देशभर छापे घातले.

ज्याने एक महिना स्टिक चालवली आहे, त्याला या योजनेतली खोट कुणी सांगावी लागली नसती. बिटकॉइनचं जाळं दर २,०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, सोडत किती अवघड ठेवायची ते नव्याने ठरवतं. जगात यंत्रं वाढली की तुमचा वाटा आपोआप घटतो. या आठवड्यात रोज एक रुपया आठ पैसे मिळाले तर पुढच्या महिन्यात तेवढेच मिळतील याची हमी कुणीच, कुठलंही यंत्र घेऊन, देऊ शकत नाही. दरमहा ठरलेले १० टक्के हे वाक्य ऐकताच स्टिकवाला म्हणाला असता, 'यांच्याकडे मशीन नाही.'

मग स्टिक घ्यावी की नाही? कमाईसाठी घेऊ नये. दोनशे टेराहॅशचं एक मोठं यंत्र साडेतीन हजार वॅटमध्ये जे करतं, त्यासाठी अशा ६६६ हून अधिक स्टिक आणि दुपटीहून जास्त वीज लागेल. पण घरात जुनी पडलेली असेल, तर पोराच्या हातात द्यायला हरकत नाही. गती एकेक पायरी वाढवून चुकांचा आकडा वहीत लिहायचा, हबच्या वायरीत वीजमापक लावून वॅट टिपायचे, पट्टीला तापमापक टेकवायचा. चार कागदांवर आलेख काढले की व्होल्टेजचा वर्ग, उष्णतेची वाट आणि सोडतीचं गणित एकाच टेबलावर दिसतं. महिन्याला दीडशे रुपयांच्या आत होणारी ही शिकवणी आहे, आणि तिच्या शेवटच्या धड्यात दरमहा १० टक्क्यांचं आमिष ओळखता येतं.