ल्युपसच्या नव्या औषधाची ट्रायल म्हणजे काय? सही करण्याआधी हे वाचा

गालांवर फुलपाखराच्या आकाराचा लाल चट्टा, सांधेदुखी, येऊन-जाऊन ताप, केसगळती. अकोला किंवा अमरावतीतल्या एखाद्या तरुणीला ल्युपसचं निदान होतं. पुढे मोठ्या शहरातल्या रुग्णालयात डॉक्टर नव्या औषधाच्या क्लिनिकल ट्रायलबद्दल विचारतात. घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "आमच्या पोरीवर प्रयोग करून राहिले का?"

ल्युपस म्हणजे काय?

या आजारात रोगप्रतिकारक शक्ती स्वतःच्याच शरीरावर हल्ला करते. त्वचा, सांधे, किडनी असं काहीही त्यात सापडू शकतं. १० पैकी सुमारे ९ रुग्ण महिला असतात. हा आजार संसर्गजन्य नाही.

औषधाची परीक्षा अवघड का?

कारण ल्युपस मधूनच उसळतो आणि मधूनच शांत होतो. रुग्णाला बरं वाटलं, तर ते औषधामुळे की आपोआप, हे कसं ओळखणार?

बेलिमुमॅब या औषधाच्या 'ब्लिस-५२' ट्रायलचं उदाहरण घ्या. भारतासह १३ देशांतले ८६५ रुग्ण त्यात होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे तीन गट पाडले. दोन गटांना वेगवेगळ्या डोसमध्ये औषध दिलं, तिसऱ्याला प्लासिबो, म्हणजे औषध नसलेलं सलाईन. कोणाला काय मिळतंय, हे रुग्णांना आणि डॉक्टरांना माहीत नव्हतं.

५२ आठवड्यांनी जास्त डोसच्या गटातले ५८ टक्के रुग्ण सुधारले. पण प्लासिबो गटातलेही ४४ टक्के सुधारले! म्हणजे औषधाचं खरं श्रेय फक्त मधल्या १४ टक्क्यांचं. तुलनेचा गट नसता, तर सगळं श्रेय औषधालाच गेलं असतं. २०११ मध्ये अमेरिकेत या औषधाला मंजुरी मिळाली. ५० हून अधिक वर्षांत ल्युपससाठी मंजूर झालेलं ते पहिलं नवं औषध होतं.

प्लासिबो म्हणजे उपचार बंद?

नाही. या ट्रायलमध्ये तिन्ही गटांचे नेहमीचे उपचार सुरूच होते. नवं औषध किंवा प्लासिबो त्यावर जोडलेलं होतं.

सही करण्याआधी काय पाहाल?

भारतात २०१९ चे नियम लागू आहेत.

- ट्रायलचा सीटीआरआय नोंदणी क्रमांक मागा. ही सरकारी नोंदणी कोणालाही ऑनलाइन मोफत पाहता येते.
- संमतीपत्र तुम्हाला समजणाऱ्या भाषेत हवं. वाचता येत नसेल, तर निष्पक्ष साक्षीदार हवा.
- ट्रायलमधून कधीही बाहेर पडता येतं. त्यामुळे नेहमीचे उपचार अडवता येत नाहीत.
- ट्रायलदरम्यान इजा झाली, तर मोफत उपचार आणि ट्रायलमुळे झाल्याचं ठरलं, तर भरपाई मिळते.
- मंजुरी देणारी एथिक्स कमिटी त्याच शहरातली किंवा ५० किलोमीटरच्या आतली हवी. म्हणजे अकोल्यातल्या ट्रायलला अमरावतीची कमिटी चालणार नाही.
- किती वेळा जावं लागेल आणि प्रवासखर्च कोण देणार, हे विचारा. 'ब्लिस-५२'मध्ये सुरुवातीनंतर दर चार आठवड्यांनी सलाईन होतं.
- गरोदर असाल किंवा मूल हवं असेल, तर आधीच सांगा.

विचार करायला वेळ मागा, कागद घरी नेऊन वाचा. 'नाही' म्हणायचाही पूर्ण हक्क आहे. निर्णय काहीही असो, सुरू असलेल्या गोळ्या मात्र डॉक्टरांना न विचारता बंद करू नका.